मुक्काम पोस्ट

पंचवीस वर्षांनी भेटलेली माणसे एकमेकांना जे प्रश्न विचारतात, त्यांचा क्रम कोणीतरी फार पूर्वीच ठरवून ठेवला असावा, अशी मला शंका आहे. पहिला प्रश्न, "हल्ली कुठे असतोस?" दुसरा, "मुलं किती, काय करतात?" तिसरा घराचा; म्हणजे स्वतःचे झाले की अजून भाड्याचे, आणि झाले असल्यास किती खोल्यांचे. चौथा प्रश्न तोंडाने विचारीत नाहीत. तो डोळ्यांनी विचारतात, आणि त्याचा रोख समोरच्याच्या केसांकडे नि पोटाकडे असतो. ह्या चारांची उत्तरे झाली की जरा वेळ शांतता पसरते, आणि त्या शांततेतून पुढे जे निघते तेच खरे बोलणे. पण पुष्कळशा स्नेहसंमेलनांत त्या शांततेपर्यंत पोचण्याआधीच जेवणाची पाने वाढली जातात.

माझी स्वतःची उत्तरे फार थोडक्यात आटोपतात. मी पुण्यात असतो, एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, मुलगी एक, खोल्या दोन. "मराठी शिकवतो" ह्या शब्दांपाशी विचारणारा क्षणभर अडखळतो आणि मग "वा! छान!" असे म्हणतो. एखाद्याच्या घरी आजारी माणूस आहे हे कळल्यावर आपण जो सूर काढतो, त्याच्याच जवळपासचा हा सूर असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मात्र जुन्या मित्रांचे धडाधड फोन आले. "अभिनंदन! आता पगार वाढणार का रे?" मी म्हटले, "दर्जा भाषेला मिळालाय, मला नव्हे." हिने तो संवाद ऐकला आणि स्वयंपाकघरातून नुसतीच हसली.

हे मित्र म्हणजे साताऱ्याच्या सैनिक शाळेतले. २३ जून १९६१ रोजी ही शाळा सुरू झाली, आणि देशातल्या सैनिक शाळांमध्ये ती पहिली. त्या वेळी संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन, आणि राज्याचे मुख्यमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण. खेड्यापाड्यांतल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना चांगले शिक्षण द्यावे, त्यांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करावे, सैन्यातले अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतूनच येऊ नयेत, अशी ती कल्पना. सातारा जिल्ह्याला जवानांची वाण कधीच नव्हती. अपशिंगे नावाच्या गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. गावाच्या नावालाच खाकी चढलेली. वाण होती ती अधिकाऱ्यांची.

आम्ही १९९१ साली सहावीत दाखल झालो. बहुतेकजण जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेले. तोवर इंग्रजी म्हणजे आम्हांला फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली एबीसीडी. इथे एकदम सगळेच इंग्रजी. पाणी मागायचे तरी इंग्रजीत. सुरुवातीचे दोन-तीन महिने आम्ही दिवसा इंग्रजीत वावरत असू आणि रात्री, दिवे मालवल्यावर, मराठीत रडत असू. पहाटेची पी.टी., मग रांगा, मग घंटा, आणि पुन्हा रांगा. सकाळी खिडकीतून अजिंक्यतारा दिसे, आणि त्याच्या अलीकडे कुठेतरी एस.टी.चा स्टँड आहे, तिथून आपल्या गावाची गाडी सुटते, हा विचार मनात आला की घशात आवंढा येई. रविवारी मात्र घरी पत्र लिहिण्याचा तास असे. माझ्या पुढच्या सगळ्या लेखनाची शाळा तीच. सहावीतल्या मुलाला आईला "मी खुशाल आहे" असे लिहिताना जेवढी शैली लागते, तेवढी मला एम.ए.च्या प्रबंधालाही लागली नाही.

तिथे नावे फार दिवस टिकत नाहीत. मेसमध्ये दुधावरची साय ज्याच्या ताटलीत सापडली तो बोका झाला तो कायमचा. एकजण सहावीतच इतका उंच होता की कवायतीत त्याच्यामागे उभा राहणाऱ्याला पुढचे काही दिसत नसे, तो लांब्या. एक झोपेत शिट्टीसारखा आवाज काढी, तो इंजिन. कोणाच्याही भांडणात मध्यस्थी करायला धावणारा तो सरपंच. मला सातवीतच चष्मा लागला, तेव्हा माझे नाव काय पडले असेल हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. आणि एकाचे वडील सातारा आगारात एस.टी.चे कंडक्टर होते, म्हणून तो कंडक्टर. पहिल्या वर्षी ह्या नावावरून त्याने दोघांचे दात हलवले. पुढे मात्र तो स्वतःच वहीवर तसे लिहू लागला, आणि सहलीला निघालो की गाडीच्या दारात उभा राहून दोनदा टिंग-टिंग करू लागला.

सात वर्षे ती सगळी शाळा एकाच दाराकडे तोंड करून चालत असते. त्या दारातून आत जाणारे थोडे. बाकीचे बाहेरच राहतात आणि मग डॉक्टर, इंजिनियर, शेतकरी असे काहीतरी होतात. मी लेखी परीक्षेतून पार पडलो, भोपाळच्या निवड मंडळापुढे पाच दिवस काढले. तिथे एक शब्दांची चाचणी असते. साठ शब्द, एकामागून एक, प्रत्येकाला पंधरा सेकंद, आणि तेवढ्यात त्या शब्दावरून वाक्य लिहायचे. मला ती इतकी आवडली की संपली तेव्हा वाईट वाटले. तिथूनही पार पडलो. मग डोळ्यांच्या तपासणीत चष्म्याचा नंबर मर्यादेबाहेर निघाला, आणि तो विषय संपला.

त्या दिवशी स्वारगेटहून मी साताऱ्याची गाडी पकडली. गाडीवर कंडक्टर होते ते कंडक्टरचे वडील. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही विचारले नाही. पंच कडकड वाजवीत गाडीभर तिकिटे फाडली, माझेही फाडले. पण मी पैसे पुढे केले तेव्हा ते माझा हात बाजूला सारून पुढे गेले, आणि मागच्या बाकापाशी स्वतःच्या खिशातून नोट काढून चामड्याच्या पिशवीत टाकताना मला दिसले. खंबाटकीचा घाट चढताना ते माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ खाली दरीत पाहत राहिले. मग म्हणाले, "चष्मा पुसून घे. धूळ बसलीया."

असो. सांगायचे आहे ते २०२५ च्या जूनमधले.

सरपंचाने आम्हांला कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या मळ्यावर बोलावले. दोन दिवस, बायकामुलांसह. हॉटेल नाही, फलक नाही, गळ्यात अडकवायची नावे नाहीत. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच येऊन बसला होता. सरपंच आल्याची शेती करतो, आणि नुकतीच लागवड झालेल्या गादीवाफ्यांत पाणी साचले तर कंद कुजतो, त्यामुळे तो आमचे स्वागत करता करता दर तासाने चर मोकळे करायला धावत होता. "आले का सगळे?" असे त्याने विचारले की आम्ही म्हणायचे, "आम्ही आलो, आल्याचं तू बघ." हा विनोद दोन दिवसांत किमान वीस वेळा झाला आणि दर वेळी सगळे हसले. पूर्वी एकत्र राहिलेल्या माणसांचे हे एक सुख असते. त्यांना नवा विनोद लागत नाही.

बोका आता व्यापारी जहाजावर कप्तान आहे. जग सर्वांत जास्त पाहिले ते त्यानेच, असे आम्ही समजत होतो. इंजिनच्या बायकोने मोठ्या उत्सुकतेने विचारले, "भावजी, रॉटरडॅमला कितीदा गेलात?"

"चौदा-पंधरा वेळा असेन."

"गाव कसं आहे हो?"

बोक्याने जरा आठवून पाहिले. "गावाचं माहीत नाही वहिनी. क्रेन चांगल्या आहेत."

कंटेनरचे जहाज बंदरात जेमतेम दिवसभर थांबते, आणि त्या दिवसात कप्तानाला कागदपत्रांवर सह्या करण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सोमालियाच्या चाच्यांच्या भयाने त्याने जहाजाच्या कठड्यांना काटेरी तार गुंडाळून एडनचे आखात ओलांडले होते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सुवेझचा जवळचा रस्ता सोडून त्याला सगळ्या आफ्रिकेला वळसा घालायला सांगण्यात आले. फेरी दहा-बारा दिवसांनी वाढली. "एकविसाव्या शतकात मला वास्को द गामाच्या वाटेनं पाठवतात," तो म्हणाला, "आणि वर उशीर का झाला म्हणून विचारतात!" सगळे हसले. त्याची बायको मात्र हसली नाही. त्यांच्या मुलाला सोळावे लागले आहे, आणि त्या सोळांतले किती वाढदिवस बापाच्या वाट्याला आले ह्याचा हिशेब तिच्याजवळ आहे.

इंजिन स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात आहे. त्याने जर्मनीतल्या रविवारचे वर्णन केले. दुकाने बंद, रस्ते मोकळे, आवाज करायचा नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. पहिली दोन वर्षे त्या शांततेने त्याला झोप लागत नसे. आता इकडे आला की इथल्या आवाजाने लागत नाही. त्या रात्री बाहेर बेडकांचा असा काही गजर चालला होता की तो बिचारा अंथरुणात उठून बसला. आणि पहाटे केव्हातरी डोळा लागला तेव्हा त्याची ती जुनी शिट्टी वाजू लागली. आम्ही चौघे अंधारात जागे राहून ऐकत होतो.

लांब्याची गोष्ट मात्र जपून विचारावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक होते. सैन्याची रचना शंकूसारखी असते. खाली पुष्कळ, वर थोडे. लेफ्टनंट कर्नलपर्यंत माणूस वर्षांच्या हिशेबाने चढतो. कर्नल व्हायचे तर निवड मंडळापुढे नाव जाते आणि तिथे तीन संधी मिळतात. लांब्याच्या तिन्ही गेल्या. वीस वर्षे पुरी होताच पेन्शन घेऊन तो बाहेर पडला, आणि आता चाकणजवळ एका मोठ्या गोदामाचा कारभार पाहतो. आम्ही त्याला घराबद्दल विचारले, मुलांबद्दल विचारले, चाकणच्या वाहतुकीबद्दल तर फारच विचारले. शेवटी तोच म्हणाला, "अरे, विचारा की! तीनदा नाव गेलं, तीनदा परत आलं. आता पेट्या मोजतो. पण एक सांगतो, पेट्या वेळेवर फॉल-इन होतात." तेवढ्यात सरपंचाच्या आईने भाकरीचे टोपले आणून ठेवले. वाघ्या घेवड्याची आमटी आणि मिरचीचा खरडा असा बेत होता, आणि लांब्याने सहा भाकरी खाल्ल्या. उंची काही कमी झालेली नव्हती.

कंडक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तो कर्नल आहे. ह्या जिल्ह्यातून निघाल्यापासून त्याने अकरा बदल्या पाहिल्या. सियाचीनच्या पायथ्यापासून अरुणाचलपर्यंत. त्याची पत्नी गढवालची, घरात बोली हिंदी. बरोबर मुलगी होती, सतरा-अठरा वर्षांची, केस आखूड कापलेले, पाठ ताठ. तिने सगळ्यांना "गुड आफ्टरनून, अंकल" म्हटले.

"काका म्हण," कंडक्टर म्हणाला.

"गुड आफ्टरनून, काका," ती म्हणाली.

जुलैत ती खडकवासल्याला जाणार होती. प्रबोधिनीत मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळू लागला, आणि आमच्या ह्या भेटीच्या जेमतेम आठवडाभर आधी, ३० मे २०२५ रोजी, सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली होती. तिने ते संचलन डेहराडूनच्या आजोळी दूरचित्रवाणीवर पाहिले होते आणि ती त्यातल्या एकेकीबद्दल अशा काही आवेशाने बोलत होती की जणू सगळ्या तिच्या वर्गातल्या.

सर्वांनी अभिनंदन केले. मग ती मघाशी सांगितलेली शांतता पसरली. कर्नल संतोष महाडिक आमच्याच शाळेचे, आमच्या आधीचे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ते धारातीर्थी पडले. पुढे २०१७ च्या सप्टेंबरात त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्या खोलीत कोणी ते नाव उच्चारले नाही, पण प्रत्येकाच्या मनात ते येऊन गेले असणार. कारण बोक्याची बायको एकदम उठून आत गेली आणि गढवालच्या वहिनी पदराशी चाळा करीत खाली पाहू लागल्या. शांतता मोडली ती सरपंचाच्या आईने.

"पोरी, बंदूक उचलंल का तुला?"

"उठा लूँगी, दादी."

"उचल बाई. पण आधी जेव."

संध्याकाळी पाऊस थांबला. सरपंच चरांकडे गेला, बाकीचे ओसरीवर बसले. कंडक्टरने मला बाजूला बोलावले. त्याच्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता.

"आबांची पत्रं आहेत. मी अॅकॅडमीत होतो तेव्हाची," तो म्हणाला. "हिला ऐकायचीत. हिला जायच्या आधी ऐकायचीत. तू वाच."

"तू का नाही वाचत? मराठी विसरलास काय?"

"वाचता येतं रे. मोठ्यानं वाचायला जमत नाही."

आबा २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. कंडक्टर त्या वेळी अरुणाचलमध्ये होता. अंत्यविधीला सरपंच आणि रुग्णालयाचे दोन कर्मचारी, एवढेच. हे मला ठाऊक होते. ते पुन्हा कोणी बोलले नाही.

डब्यात साठ-सत्तर पत्रे असतील. बहुतेक निळी अंतर्देशीय. अक्षर अगदी बारीक आणि सरळ. उभा जन्म वे-बिलाच्या अरुंद रकान्यांत आकडे भरण्यात गेलेल्या माणसाचे. मी वाचायला सुरुवात केली आणि माझ्या ध्यानात एक गंमत आली. आपण पत्राच्या डोक्यावर 'मु. पो.' लिहितो, ते नुसते रिवाजाने. मुक्काम म्हणजे काय, ह्याचा आपण विचार करीत नाही. आबांचा मुक्काम मात्र खरोखरीचा मुक्काम होता. एस.टी.ची शेवटची गाडी रात्री ज्या गावी जाऊन थांबते, तिला मुक्कामाची गाडी म्हणतात. ड्रायव्हर आणि कंडक्टर रात्री गाडीतच झोपतात, आणि पहाटे तीच गाडी परत निघते. आबांनी ती सगळी पत्रे तशा रात्री, गाडीतल्या दिव्याखाली लिहिली होती. मु. बामणोली. मु. हेळवाक. मु. दहिवडी. मु. म्हसवड. एका पत्रावर मु. मेढे, आणि पुढे कंसात, पाऊस. बोका माझ्या मागे येऊन बसला होता. तो म्हणाला, "अरे, हे तर माझ्या लॉगबुकासारखं आहे."

पत्रे सगळी एकाच घाटाची. वर श्री. मग 'चि. यास अनेक आशीर्वाद.' मग इकडील सर्व क्षेम. मग हवा, पीकपाणी, गाडीचे टायर, आईचे गुडघे, धाकट्या बहिणीचे गुण. उपदेश जवळजवळ नाहीच. एके ठिकाणी फक्त एवढे होते की, पळताना तोंडाने श्वास घेऊ नये. मी मराठीत वाचायचे आणि मग हिंदीत सांगायचे, असे चालले होते. काही शब्दांना हिंदी सापडेना. 'खुशाली' जमले. 'इकडची काळजी करू नये' हेही जमले. पण एका पत्रात, 'तुझ्या आईला करमत नाही' असे होते. मी 'मन नहीं लगता' असे म्हटले आणि लगेच वाटले की नाही, हे ते नव्हे. 'करमत नाही' ह्यात जी सगळ्या घरात पसरलेली संध्याकाळ आहे, ती 'मन'मध्ये मावत नाही. गढवालच्या वहिनींना मात्र ते कळले. त्यांनी आपल्या बोलीतला एक शब्द हळूच मुलीला सांगितला, आणि मुलीने मान हलवली.

"काका, हर लेटर में नीचे यह क्या है? ता. क.?"

मी सांगितले. ता. क. म्हणजे ताजा कलम. पत्र संपले, सही झाली, आणि मग काही आठवले तर ते खाली लिहायचे. वर्गात मी हे दर वर्षी सांगतो. अनौपचारिक पत्राचे घटक ह्या सदरात एक गुण असतो त्याला. आबांच्या पत्रांत मात्र ताजा कलम आठवणीने आलेला नव्हता. जे पत्रात लिहायला संकोच वाटला, ते सगळे खाली येऊन बसले होते. 'ता. क. आई विचारते, तिथे भाकरी मिळते काय.' 'ता. क. तुझी सायकल विकली नाही.' 'ता. क. तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राने कॉलेजात नाव घातले आहे. गाडीत भेटला होता. बरा दिसला.' हे शेवटचे मी वाचले, आणि हिंदीत सांगण्याआधी जरा थांबावे लागले. लांब्या म्हणाला, "पुढं वाच."

नोव्हेंबर १९९८ च्या एका पत्राखाली पाच-सहा ओळींचा ताजा कलम होता. तो मी जसा होता तसा देतो.

'ता. क. सप्टेंबरात गाडी स्वारगेटला बंद पडली. दुरुस्तीस वेळ होता म्हणून दोन गाड्या बदलून तुमच्या फाटकापर्यंत येऊन गेलो. भेटीचा वार नव्हता, तेव्हा विचारले नाही. पहाऱ्यावरचा माणूस पाटणकडचा निघाला. त्याच्याशी बोलणे झाले. झाडे पुष्कळ आहेत. जागा चांगली आहे.'

ओसरीवर कोणी बोलले नाही. मी कंडक्टरकडे पाहिले. तो चष्मा काढून पुसत होता. आता त्यालाही लागला आहे.

"हे मी वाचलेलं आहे," तो म्हणाला. "त्या वेळी आलेलं पत्र आहे हे. मी ते वाचून ट्रंकेत टाकलं आणि खेळायला गेलो. मला आठवतंय, त्या दिवशी बॉक्सिंग होतं."

मुलीने माझ्या हातातून ते पत्र घेतले आणि त्या पाच-सहा ओळी स्वतः, बोट ठेवून, वाचायचा प्रयत्न केला. देवनागरी तिला येतेच. ती अडत होती 'ळ'ला आणि जोडाक्षरांच्या जुन्या वळणाला. 'पहाऱ्यावरचा' ह्यातला तो अर्धा र पाहून तिने विचारले, ही रेघ कसली. मी तिला दाखवला. आत दिवे लागले, सरपंच चिखलाने भरलेल्या पायांनी आला, आणि कोणाला किती वाजता निघायचे आहे ह्याची चौकशी सुरू झाली. बोक्याला मुंबई गाठायची होती, इंजिनचे विमान परवाचे, लांब्याला सोमवारी पेट्या मोजायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सरपंचाने प्रत्येकाच्या गाडीत एकेक किलो आले टाकले आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा एकेक पुडा दिला. डबा मुलीच्या मांडीवर होता. मी ती गाडी फाट्यापर्यंत जाताना पाहिली.

सप्टेंबरात मला खडकवासल्याहून पत्र आले. हिंदीत होते. पायांना फोड आले होते ते आता बरे आहेत, पोहणे जमते, झोप पुरत नाही, पहाटे मोर ओरडतात, असे सगळे. खाली मराठीत, 'ळ' दोन ठिकाणी उलटा काढून, असे लिहिले होते :

'ता. क. आजोबा आले ते फाटक कोणते? इथे एकाहून जास्त आहेत. बाबांना विचारले. त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.'